मोटारगाडीची निष्कास यंत्रणा : निगा व दुरुस्ती

एंजिनाच्या सिलिंडरांत इंधन जळून निर्माण होणारे तप्त वायू एकत्र करून, त्यांचा आवाज व विषारीपणा कमी करून ते गाडीच्या मागील बाजूस बाहेर सोडणाऱ्या नळ्या व पेट्या यांच्या मालिकेला निष्कास यंत्रणा म्हणतात. व्यवहारात या सबंध यंत्रणेलाच ‘सायलेन्सर’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा एक भाग होय. गाडीच्या तळाशी असल्यामुळे ही यंत्रणा सहसा नजरेस पडत नाही आणि आवाज वाढेपर्यंत तिच्याकडे लक्षही दिले जात नाही. तथापि तिच्यात पडलेले लहानसे छिद्रही केवळ कर्कश आवाजाचे कारण नसते. त्यातून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू गाडीत शिरला, तर प्रवाशांच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. म्हणून या यंत्रणेची निगा हा सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

घटक व कार्य : एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडराची निष्कास झडप उघडली की, आतील वायू वातावरणीय दाबाच्या काही पट दाबाने बाहेर झेपावतात. चार सिलिंडरांचे चतुर्धाव एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असताना असे दर सेकंदाला १०० झोत बाहेर पडतात. हे झोत प्रथम मॅनिफोल्ड या बहुशाखी नळीत एकत्र येतात. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाची किंवा अगंज पोलादाची असते व सिलिंडर-माथ्याला बोल्टांनी घट्ट बसविलेली असते. पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल एंजिनात येथील वायूंचे तापमान ८००° ते ९००° से.पर्यंत जाऊ शकते. मॅनिफोल्डापासून निघालेली नळी गाडीच्या तळाखाली वळते. एंजिनाचे हादरे मागील नळ्यांना पोहोचू नयेत म्हणून तिच्यात बहुधा विणीव तारेने मढविलेला लवचिक तुकडा घालतात.

यानंतर उत्प्रेरकी परिवर्तक येतो. मृत्तिकेच्या एका ठोकळ्यात मधाच्या पोळ्यासारखे, दर चौ. सेंमी. मध्ये सु. ६० या प्रमाणात सूक्ष्म आरपार मार्ग असतात व त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. या थरावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडाचे कार्बन डाय-ऑक्साइडात, न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे पाणी व कार्बन डाय-ऑक्साइडात आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे नायट्रोजनात रूपांतर होते. मात्र परिवर्तक सु. २५०° ते ३००° से.पर्यंत तापल्याखेरीज ही क्रिया नीट होत नाही. तसेच हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४·७ : १ च्या अगदी जवळ राहावे लागते. हे प्रमाण राखण्यासाठी परिवर्तकाच्या अलीकडे ऑक्सिजन संवेदक बसविलेला असतो व त्याने दिलेल्या संकेतानुसार इंधनाचा पुरवठा कमीजास्त केला जातो.

पुढील सायलेन्सरात झोतांचा आवाज दोन प्रकारे शमवितात. एका प्रकारात वायू भोके पाडलेल्या नळीतून जातात व तिच्याभोवती दाबून भरलेल्या काचलोकरीत ध्वनीची ऊर्जा शोषली जाते. दुसऱ्या प्रकारात पेटीचे आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले असतात. त्यांत ध्वनितरंग परावर्तित होऊन परस्परांना मारक ठरतात. बहुतेक गाड्यांत दोन्ही प्रकारांचा मेळ घातलेला असतो. शेवटी शेपटीची नळी वायूंना गाडीच्या मागे सोडते. सबंध मालिका रबरी कड्यांनी तळाला टांगलेली असते. या कड्यांमुळे तापून लांबणाऱ्या नळ्यांना हलण्यास वाव मिळतो. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].

झिजेची कारणे : निष्कास नळ्या चिखलपाण्यामुळे बाहेरून गंजतात, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. पुष्कळदा त्या आतून कुजतात. पेट्रोलातील हायड्रोजन जळून पाणी तयार होते व एक लिटर पेट्रोल जळले असता सु. ०·९ लिटर पाणी निर्माण होते. एंजिन व नळ्या तापलेल्या असताना ते वाफेच्या रूपात निघून जाते. परंतु नळीच्या भिंतीचे तापमान सु. ५०° से.च्या खाली असले की, वाफेचे द्रवात रूपांतर होऊन पाणी आतच साचते. इंधनातील गंधकाची व हवेतील नायट्रोजनाची ऑक्साइडे या पाण्यात विरघळून सौम्य अम्ले बनतात व पोलाद खाऊ लागतात. एंजिनापासून सर्वांत दूर असलेला मागील सायलेन्सर सर्वांत उशिरा तापतो. म्हणून तोच बहुधा प्रथम निकामी होतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. रोज दोन-तीन किमी. जाऊन थांबणाऱ्या गाडीचा सायलेन्सर दररोज लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरापेक्षा लवकर कुजतो. पहिल्या गाडीत साचलेले पाणी उडून जाण्याइतकी उष्णता मागील पेटीपर्यंत कधीच पोहोचत नाही. भारतात पेट्रोलातील गंधकाची कमाल मर्यादा भारत टप्पा ४ मध्ये दशलक्ष भागांत ५० भाग होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत टप्पा ६ मध्ये ती १० भागांवर आणण्यात आली. त्यामुळे अम्लाचा उपद्रव कमी झाला असला, तरी पाण्याचा उपद्रव कायम राहतो.

बाह्य कारणांत पावसाळ्यातील चिखल, कोकणपट्टीसारख्या समुद्रकाठच्या प्रदेशांतील खारी हवा, गतिरोधकांवर व दगडधोंड्यांवर होणारे आघात आणि उडणारी खडी यांचा समावेश होतो. वारंवार तापण्या-निवण्यामुळे मॅनिफोल्डाला तडे जातात व तिचे बोल्ट ढिले होतात किंवा तुटतात. एखादे रबरी कडे तुटले की, त्याचा भार शेजारच्या सांध्यावर येतो व हादऱ्यांनी तो सांधा तुटतो. अशा वेळी नळी वितळजोडकामाने जोडली, पण कडे बदलले नाही, तर तीच नळी पुन्हा तेथेच तुटते.

परिवर्तकाचे शत्रू वेगळे आहेत. शिशाच्या संयुगांमुळे उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकला जाऊन तो निष्क्रिय होतो. याच कारणास्तव भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक सक्तीचा करताना तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करण्यात आले व २००० मध्ये ते देशभर लागू झाले. झिजलेल्या एंजिनात जळणाऱ्या वंगण तेलातील फॉस्फरसानेही उत्प्रेरक निकामी होतो. सर्वांत वेगाने नाश होतो तो एखादा स्पार्क प्लग ठिणगी देईनासा झाल्यास. कारण न जळलेले पेट्रोल परिवर्तकात पोहोचून तेथेच जळते व मृत्तिकेचा ठोकळा वितळून मार्ग बंद होतात.

कार्बन मोनॉक्साइडाचा धोका : रक्तातील हीमोग्लोबिनाला ऑक्सिजनापेक्षा कार्बन मोनॉक्साइडाचे आकर्षण २०० ते २५० पट अधिक असते. त्यामुळे हवेत हा वायू अत्यल्प असला, तरी तो रक्तात साठत जातो व शरीराच्या पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो. हवेत त्याचे प्रमाण ०·१६ टक्के झाल्यास साधारणपणे वीस मिनिटांत डोकेदुखी व भोवळ ही लक्षणे दिसतात आणि सु. दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. परिवर्तक नसलेल्या जुन्या पेट्रोल गाडीच्या निष्कास वायूंत हे प्रमाण काही टक्के असू शकते. परिवर्तक असलेल्या गाडीतही एंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे धोक्याची असतात, कारण तोपर्यंत परिवर्तक तापलेला नसतो. तसेच मॅनिफोल्डाच्या सांध्यातून गळणारे वायू परिवर्तकापर्यंत पोहोचतच नाहीत. ते शुद्धीकरण न होता बाहेर पडतात.

हा वायू गाडीत अनेक मार्गांनी शिरतो. मॅनिफोल्डाजवळ गळती असल्यास तो वायुवीजनाच्या झरोक्यातून आत ओढला जातो. तळाच्या पत्र्यातील गंजलेल्या भागातून किंवा तारा व दांडे यांसाठी ठेवलेल्या भोकांची रबरी बूच निसटल्यास तेथूनही तो आत येतो. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन भोवरे निर्माण होतात. त्यामुळे मागील झाकण उघडे ठेवून सामान नेताना शेपटीच्या नळीतून बाहेर पडलेले वायू पुन्हा गाडीतच ओढले जातात. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवणे अथवा उभ्या गाडीत काचा लावून, वातानुकूलनासाठी एंजिन चालू ठेवून झोपणे हे विशेष धोक्याचे आहे. नेमक्या अशाच वेळी गळती असल्याचे कोणास ठाऊक नसते.

डोके जड होणे, मळमळ, गुंगी व विचारांतील गोंधळ ही सुरुवातीची लक्षणे प्रवासाचा शीण समजून दुर्लक्षिली जातात. गाडीतील एकाहून अधिक व्यक्तींना ती एकाच वेळी जाणवणे व मोकळ्या हवेत ती कमी होणे, ही महत्त्वाची खूण होय. अशा वेळी एंजिन ताबडतोब बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. श्वसन थांबले असल्यास कृत्रिम श्वसन द्यावे व रुग्णास त्वरित ऑक्सिजन मिळेल अशा रुग्णालयात हलवावे. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे साधे उपकरण कार्बन मोनॉक्साइडयुक्त हीमोग्लोबिन व ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही. म्हणून त्यावरील समाधानकारक आकड्यावर विसंबून राहू नये.

तपासणी : बिघाडाचा पहिला सुगावा आवाजावरून लागतो. थंड एंजिन सुरू करताच टकटक असा आवाज येऊन एंजिन तापल्यावर तो कमी झाल्यास मॅनिफोल्डाच्या सांध्यातून गळती असण्याचा संभव असतो. तापल्यावर धातू प्रसरण पावून फट बुजते, म्हणून आवाज घटतो. जाड घुमणारा आवाज सायलेन्सराला किंवा त्यामागील नळीला पडलेले छिद्र दर्शवितो. पेटीत खडखड ऐकू आल्यास आतील पडदे सुटलेले असतात. परिवर्तकावर हलकेच थोपटल्यावर आत काही वाजल्यास मृत्तिकेचा ठोकळा फुटलेला असतो. मात्र उष्णतारोधक पत्र्याचा एखादा सैल स्क्रूही असाच आवाज करतो. म्हणून तो प्रथम तपासावा.

प्रत्यक्ष पाहणी यंत्रणा पूर्ण थंड असताना करतात. सांध्याभोवती काजळीचा काळा किंवा करडा पट्टा दिसल्यास तेथे गळती असते. वरून तांबूस गंज दिसणे तेवढेसे चिंताजनक नसते. लहान हातोडीने हलके ठोकल्यावर धातूचा खणखणीत नाद आला, तर पत्रा शाबूत असतो. बद्द आवाज आल्यास तो आतून कुजलेला असतो. पेटीच्या शिवणी, तळाचा सर्वांत खोलगट भाग व नळीचे वळण या जागा विशेष काळजीने पाहतात. सूक्ष्म गळती शोधण्यासाठी मोकळ्या जागी थंड एंजिन सुरू करून, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने शेपटीच्या नळीचे तोंड काही सेकंद अंशतः झाकतात. दाब वाढून गळतीच्या जागी फुसफुस आवाज येतो व सांध्यांना साबणाचे पाणी लावले असल्यास तेथे बुडबुडे दिसतात.

धुराच्या रंगावरूनही काही बोध होतो. सकाळी शेपटीतून निघणारी पांढरी वाफ व ठिबकणारे पाणी ही स्वाभाविक बाब आहे. एंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिल्यास शीतक द्रव सिलिंडरात झिरपत असतो. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे, तर काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे दर्शवितो. हे बिघाड एंजिनाचे असले, तरी ते लांबल्यास परिवर्तकाचे आयुष्य संपवितात. गाडीची ताकद कमी होत जाणे व वेग वाढविताना एंजिन गुदमरल्यासारखे वाटणे, हे निष्कास मार्ग तुंबल्याचे लक्षण असू शकते. संवेदकाच्या अलीकडे गळती असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते व संवेदक इंधन कमी पडत असल्याचा चुकीचा संकेत देतो. परिणामी इंधनाचा खप वाढतो.

दुरुस्ती : गाडीखाली शिरण्यापूर्वी ती सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावतात व जॅकने उचलल्यावर भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवितात. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये. गंजाचे कण डोळ्यांत पडतात म्हणून संरक्षक चष्मा आवश्यक असतो.

जुने नट सोडविणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा भाग होय. आट्यांवर भेदक तेल सोडून काही तास, शक्यतो रात्रभर, मुरू देतात. आट्यांवरील गंज तारेच्या ब्रशाने काढतात आणि पाना हिसका न देता पुढेमागे फिरवून नट हळूहळू सैल करतात. मॅनिफोल्डाचा बोल्ट सिलिंडर-माथ्यात तुटला, तर तो छिद्र पाडून काढावा लागतो. म्हणून येथे घाई महागात पडते. साध्या नळीचे नट मात्र कापून टाकून नवे वापरणे श्रेयस्कर असते.

मॅनिफोल्ड पुन्हा बसविताना गास्केट नेहमी नवे वापरतात. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून त्यांवर सरळ पट्टी ठेवून ते सपाट असल्याची खात्री करतात. बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत व उत्पादकाने सांगितलेल्या पिळाइतके आवळतात. असे न केल्यास मॅनिफोल्ड वाकून पुन्हा गळती होते किंवा तिला तडा जातो.

नळीवरील लहान छिद्र उष्णतारोधी लुकणाने किंवा पट्टी गुंडाळून बुजविता येते. परंतु हा उपाय गाडी कार्यशाळेपर्यंत नेण्यापुरताच समजावा. मॅनिफोल्डाजवळील तापमानाला लुकण टिकत नाही. छिद्राभोवतीचा पत्रा जाड व निरोगी असेल, तर वितळजोडकामाने ठिगळ लावता येते. पत्रा पातळ झाला असल्यास ज्योत लावताच छिद्र मोठे होत जाते. अशा वेळी तो भाग बदलणेच स्वस्त पडते. वितळजोडकामापूर्वी विजेची उपकरणे सुरक्षित राहावीत म्हणून बॅटरीची जोडणी काढतात. इंधनाची टाकी व नळ्या जवळ असल्यास निष्कास नळी गाडीपासून वेगळी करूनच काम करतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापविल्यास निघणारा धूर ज्वर आणणारा असतो. म्हणून मुलामा आधी घासून काढतात.

नवे भाग जोडताना सर्व सांधे प्रथम सैल ठेवतात. नळी इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांपासून, तसेच तळाच्या पत्र्यापासून पुरेशी दूर राहील अशी जुळवून मग पुढून मागे या क्रमाने पट्टे आवळतात. रबरी कडी त्याच वेळी नवी घालतात. संवेदकाच्या आट्यांना न चिकटण्याचे वंगण लावले, तरी त्याच्या टोकाला ते लागू देऊ नये. साध्या सिलिकोन लुकणाच्या वाफेनेही संवेदक निकामी होतो. एंजिन सुरू करून सर्व सांधे तपासावे व गाडी काही दिवस चालविल्यावर, थंड असताना, ते पुन्हा आवळून पाहावे.

भागांच्या निवडीत धातूला महत्त्व असते. साध्या पोलादाच्या नळ्या स्वस्त, पण अल्पायुषी असतात. ॲल्युमिनियमाचा मुलामा दिलेले पोलाद अधिक टिकते. सु. ११ टक्के क्रोमियम असलेले अगंज पोलाद त्याहून टिकाऊ असते. त्यावर वरवर गंज चढला, तरी तो सहसा खोल जात नाही.

तुंबलेला किंवा फुटलेला परिवर्तक दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो. मात्र तो का बिघडला याचा शोध घेऊन ठिणगीचा वा तेल जळण्याचा दोष आधी दूर केला नाही, तर नवा परिवर्तकही थोड्याच काळात त्याच वाटेने जातो. आतील ठोकळा काढून रिकामी पेटी बसविण्याचा मार्ग काही वेळा खर्च वाचविण्यासाठी अवलंबिला जातो. त्यामुळे विषारी वायू तसेच बाहेर पडतात व प्रदूषण तपासणीत गाडी नापास होते. भारत टप्पा ६ च्या डीझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणीही असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी तिला उच्च तापमान लागते. म्हणून केवळ लहान फेऱ्यांसाठी वापरलेल्या डीझेल गाडीत ही गाळणी तुंबते.

प्रतिबंधक उपाय : आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास चांगल्या वेगाने चालविल्यास नळ्यांतील पाणी उडून जाते. काही सायलेन्सरांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी मुद्दाम ठेवलेले बारीक छिद्र असते. ते गळती समजून बुजवू नये. समुद्रकाठच्या प्रवासानंतर व पावसाळा संपल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. वर्षातून किमान एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, कडी, सांधे व शिवणी तपासाव्यात. परिवर्तक असलेली गाडी ढकलून सुरू करण्याचा खटाटोप लांबवू नये, कारण न जळलेले पेट्रोल परिवर्तकात साठते. तापलेल्या परिवर्तकाने पेट घेण्याचा संभव असल्याने गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. पुराच्या पाण्यात बंद पडलेले एंजिन तपासणीशिवाय पुन्हा सुरू करू नये.

कायदेशीर बाजू : भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमानुसार प्रत्येक मोटार वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. ११५ व्या नियमानुसार निष्कास वायूंतील दूषितकांवर मर्यादा घातलेली असून वाहनाजवळ प्रदूषण नियंत्रणाचे वैध प्रमाणपत्र असावे लागते. मंदगतीने चालणाऱ्या पेट्रोल एंजिनाच्या वायूंत कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण जुन्या मोटारगाड्यांसाठी ३ टक्क्यांपर्यंत चालत असे. भारत टप्पा ४ च्या गाड्यांसाठी ही मर्यादा ०·३ टक्के ठरविण्यात आली. ही चाचणी शेपटीच्या नळीच्या तोंडाशी घेतली जाते. वाटेत गळणारे वायू तिच्यात मोजले जात नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेल्या गाडीच्या नळ्याही वेळोवेळी तपासणे आवश्यक ठरते.